एकतीस स्लायडर आणि पेटीच्या तीन पट्ट्या : ग्राफिक इक्वलायझर घेण्याआधी

गणपतीत घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत जा. पोडियमवर मंडप, मंडपाच्या दोन बाजूंना टॉपचे स्पीकर, खाली बेसचे, आणि पडद्यामागे टेबलाखाली सरकवलेला रॅक. त्या रॅकमधल्या ग्राफिक इक्वलायझरकडे एकदा वाकून बघा. आवाजाचे खालपासून वरपर्यंत तुकडे, म्हणजे बँड, पाडून प्रत्येकाला कमी-जास्त करायला एकेक स्लायडर देणारं हे यंत्र; डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. डावीकडचे स्लायडर वर, उजवीकडचे वर, मधले खाली. हसरं तोंड. आणि बाहेर आरती सांगणाऱ्या काकूंचा एक शब्द धड कळत नाही, कारण शब्द ज्या मधल्या स्लायडरमध्ये असतात तेच खाली ओढलेले.

मीही तेच करायचो. पहिल्या वर्षी पंधरा बँडचा स्वस्तातला इक्वलायझर घेतला, दोन्ही टोकं पार वर ढकलली आणि तिसऱ्याच सुपारीत हॉर्नचे दोन डायफ्राम जाळले. यंत्राचा दोष नव्हता. स्लायडर ३ डीबी (डेसिबल) वर नेला की त्या बँडला दुप्पट पॉवर लागते, ६ ला चौपट, १२ ला सोळापट. हे गणित मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. तेव्हापासून माझा नियम सोपा आहे: ग्राफिक हे खाली ओढायचं यंत्र आहे. वर ढकलायचाच झाला तर एखादा स्लायडर, तोही २-३ डीबी.

इक्वलायझर घ्यायला निघालेल्या नव्या मुलांसाठी हे लिहितोय. दुकान बरंच पुढे येईल, धीर धरा.

तो बसतो कुठे

मिक्सरच्या मेन आउटमधून निघालेला सिग्नल आधी ग्राफिकमध्ये जातो, तिथून क्रॉसओव्हर (बेस आणि टॉपचा आवाज वेगळा करणारं यंत्र) असेल तर त्यात, मग अॅम्पमध्ये. म्हणजे इथे जे कराल ते सगळ्यांना लागतं: गायकाला, तबल्याला, निवेदकाला आणि मध्येच लावलेल्या ट्रॅकलाही. एका निवेदकाचा आवाज घोगरा वाटतोय म्हणून ग्राफिकचा २५० हर्ट्झचा स्लायडर खाली ओढला, तर डग्ग्याचा घुमारा गेलाच म्हणून समजा. एका माईकचं दुखणं त्या माईकच्या चॅनेलवर, मिक्सरच्याच इक्यूवर (त्या चॅनेलच्या टोनच्या नॉबवर) बरं करायचं. ग्राफिक आहे स्पीकर आणि जागा यांच्यासाठी.

काही गोष्टी त्याच्या आवाक्यातल्याच नाहीत. पोडियमवर उभं राहून एक टाळी वाजवा. समोरचा टॉवर वीस मीटरवर असेल तर आवाज जाऊन-येऊन चाळीस मीटर चालतो, म्हणजे सेकंदाच्या साधारण आठव्या भागानंतर टाळी परत ऐकू येते. ही वेळेची भानगड आहे, कुठलाही स्लायडर ती मिटवत नाही. तिथे स्पीकर खाली झुकवायचे, लोकांकडे वळवायचे, भिंतीवर मारा कमी करायचा. तसंच अर्थिंगचा हम्म. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण ५० आणि १०० च्या आसपास येते. ते दोन स्लायडर पाडले की हम्म थोडी दबते, त्यासोबत ढोलकीचा खालचा ठेकाही दबतो, आणि मूळ दोष वायरीत तसाच राहतो.

फुकटचे डीबी

स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून फिरत राहिला की सिस्टिम शिट्टी मारते, म्हणजे फीडबॅक. इक्वलायझरने त्या शिट्टीच्या अलीकडे फार तर काही डीबी जास्तीचे मिळतात. तेवढेच, कधी त्याहून जास्त, फुकट मिळतात. ते आधी घ्या.

माईक तोंडापासून एक फुटावर असेल आणि तो अर्ध्या फुटावर आणलात, तर माईकमध्ये पोचणारा आवाज ६ डीबीने वाढतो. मिक्सरला हात न लावता. उलट बाजूने, उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपर्यंतची मोकळी जागा ३ डीबीने कमी होते. भजनी मंडळासमोर आठ माईक उघडे ठेवण्याऐवजी चार ठेवले तर ३ मिळाले, दोन ठेवले तर ६. टाळकऱ्यांना माईक लागतच नाही हो. टाळ आठव्या मजल्यापर्यंत ऐकू जातो.

मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे वळवलेला स्पीकर, कुठे ठेवता तेही बघा. शुअरचा एसएम ५८ हा माईक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, त्याला बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर गायकाच्या थेट समोर, माईकच्या शेपटीच्या रेषेत. सुपरकार्डिऑइड असेल, बीटा ५८ सारखा, तर त्याच्या बहिऱ्या जागा मागे दोन बाजूंना तिरक्या असतात, मॉनिटरही तसे तिरके. आणि माईकची जाळी मुठीत धरणाऱ्याला प्रेमाने सांगायचं की दादा, मूठ खाली. जाळी झाकली की कार्डिऑइड कार्डिऑइड राहत नाही. आरतीच्या वेळी माईक लहान पोरांच्या हातात गेला की मी फेडरवर (मिक्सरवरच्या त्या माईकच्या आवाजाच्या स्लायडरवर) बोट ठेवूनच उभा असतो, तिथे कुठलीच कंपनी मदतीला येत नाही.

पंधरा की एकतीस

आता तुलना. एकतीस बँडच्या ग्राफिकवर एका सप्तकात तीन स्लायडर येतात. आकडे ठरलेले आहेत, कंपनी कुठलीही असो: २०, २५, ३१.५, ४०, ५०, ६३, ८०, १००, १२५, १६०, २००, २५०, ३१५, ४००, ५००, ६३०, ८००, मग १ किलोहर्ट्झ, १.२५, १.६, २, २.५, ३.१५, ४, ५, ६.३, ८, १०, १२.५, १६, २०. पंधरा बँडवाल्यात एकाआड एक गाळलेले: २५, ४०, ६३, १००, १६०, २५०, ४००, ६३० असे पुढे १६ पर्यंत.

फरक किती पडतो, ते मला ऐरोलीत एका भजनाच्या कार्यक्रमात कळलं. आलाप सुरू झाला की सिस्टिम मागून एक सूर धरायची. पूर्ण शिट्टी नाही, नुसती कण्हत राहायची. मी एकेक स्लायडर खाली-वर करत शोधतोय आणि प्रत्येक वेळी गायकाचा आवाज बदलतोय. पेटीवाले काका दोन मिनिटं बघत राहिले, मग भाता हलवत म्हणाले, "अरे, ती काळी दोनला ओरडतेय. तू कुठे शोधतोयस?" त्यांनी काळी दोन दाबली. तोच सूर, अगदी तोच.

काळी दोन म्हणजे पेटीवर सप्तकातली दुसरी काळी पट्टी, मध्य सप्तकात ३११ हर्ट्झ. माझ्या पंधरा बँडवर २५० होता, ४०० होता, ३१५ नव्हताच. शेवटी दोन्ही ओढले, कण्हणं थांबलं, आणि गायकाच्या आवाजातली छातीची गोलाई त्याच्यासोबत गेली. त्या भागात पुरुषाचा आवाज, पेटी, तबला सगळ्यांचाच संसार असतो. ३१ बँडवर एकच ३१५ चा स्लायडर ४ डीबी ओढला असता तर काम झालं असतं.

त्या रात्री घरी बसून मी एकतीस आकडे पेटीच्या पट्ट्यांशेजारी लिहून काढले, आणि जे दिसलं ते आजही नव्या मुलांना पहिल्या दिवशी दाखवतो. सप्तकात बारा पट्ट्या, तीन स्लायडर, म्हणजे दर चार पट्ट्यांवर एक स्लायडर. त्यामुळे सगळी रांग तीनच पट्ट्यांवर फिरत राहते: पांढरी सात, काळी दोन, पांढरी पाच. २५० पांढरी सात, ३१५ काळी दोन, ४०० पांढरी पाच. पुढे पुन्हा ५०० पांढरी सात, ६३० काळी दोन, ८०० पांढरी पाच. मग १ किलोहर्ट्झ, १.२५, १.६ आणि तसंच वर. खालीही २००, १६०, १२५ म्हणजे पांढरी पाच, काळी दोन, पांढरी सात. आकडे सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत, पण सगळे अर्ध्या पट्टीच्या आत आहेत, आणि स्लायडर शोधायला तेवढं पुरतं. पेटी येत नसेल तर गिटारवाल्यांचं ट्यूनर अॅप उघडा. ते बी, डी शार्प आणि जी म्हणेल, तेच हे तीन.

पट्टी कळली, पण सप्तक कुठलं? त्यासाठी आपले स्वर. मराठी स्वर, गाण्याचे नाही. शिट्टीचा आवाज कुठल्या अक्षरासारखा वाटतो ते ऐका. ऊ ऊ असा घुमतोय तर २५०-३१५ च्या आसपास. ओ वाटला तर ५०० च्या. आ म्हणजे १ किलोहर्ट्झ, ए म्हणजे २, ई म्हणजे ३-४. त्याच्या वर नुसती टोचणारी सुई किंवा स स असेल तर ६.३ च्या पुढे. आवाज ‘आ’सारखा आणि पट्टी काळी दोन, तर हात सरळ १.२५ वर. आठवडाभर घरी सराव केला की हात आपोआप जातो.

आणि सूर दोन स्लायडरच्या बरोबर मध्ये आला तर? काळी एक, पांढरी चार आणि पांढरी सहा या तीन पट्ट्या अशाच अधांतरी पडतात. तिथे शेजारचे दोन्ही थोडे थोडे ओढायचे. या जागी एका यंत्राचा आणि दुसऱ्याचा फरक उघड होतो.

सारखाच स्लायडर, वेगळी करणी

दोन वेगळ्या कंपन्यांचे ग्राफिक शेजारी ठेवा, दोन्हीचा १ किलोहर्ट्झ ६ डीबी खाली ओढा. समोरून चित्र एकच दिसतं. आतून एक जण फक्त १ किलोहर्ट्झच्या भोवतीचा अरुंद भाग कापेल, दुसरा शेजारच्या ८०० आणि १.२५ लाही सोबत खाली घेऊन जाईल.

याला कारण फिल्टरची रुंदी, ज्याला ‘क्यू’ म्हणतात. कॉन्स्टंट क्यू जातीच्या यंत्रात स्लायडर ३ ओढा किंवा १२, कापाची रुंदी तीच राहते. प्रपोर्शनल क्यू जातीत थोडं ओढलं तर काप रुंद आणि उथळ, जास्त ओढलं तसा तो अरुंद होत जातो. शिट्ट्या काढायला कॉन्स्टंट क्यू सोयीचा, कारण ३ डीबीतही काप नेमका बसतो. आवाजाचा एकूण रंग थोडा बदलायचा असेल, पत्र्यासारखा वाजणारा हॉर्न जरा नरम करायचा असेल, तर प्रपोर्शनल कानाला गोड लागतो. कुठला चांगला यावर साउंडवाले चहा थंड होईपर्यंत भांडतात. माझं मत विचाराल तर शिकताना कॉन्स्टंट क्यू घ्या. जे दिसतं त्याच्या जवळपास तरी घडतं.

जवळपास म्हणालो, कारण पूर्ण खरं चित्र कुठलाच ग्राफिक दाखवत नाही. ‘ग्राफिक’ हे नावच स्लायडरनी काढलेल्या नक्षीवरून पडलं, पण शेजारचे फिल्टर एकमेकांत मिसळतात. १ आणि १.२५ दोन्ही ६ ने ओढले तर बऱ्याच यंत्रांत त्यांच्या मध्ये खड्डा ६ पेक्षा खोल पडतो. तीन सलग ओढले की आणखी खोल. म्हणून पाच-सहा शेजारी स्लायडर ओळीने खाली दिसले की मला शंका येते: स्पीकर चुकीच्या जागी आहे, किंवा साउंडवाला घाबरलाय.

हे घरी तपासता येतं. भाड्याने दोन यंत्रं आणा, लॅपटॉपला साधा ऑडिओ इंटरफेस लावा, पिंक नॉइज यंत्रातून फिरवून परत लॅपटॉपमध्ये घ्या आणि फुकट मिळणाऱ्या अॅनालायझरवर बघा. पिंक नॉइजमध्ये प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असते, त्यामुळे तृतीयांश सप्तकाच्या अॅनालायझरवर रेघ आडवी येते आणि स्लायडरने पाडलेला खड्डा डोळ्यांना दिसतो. आधी एकच स्लायडर ३ ने, मग १२ ने, मग दोन शेजारी. अर्ध्या तासात जे कळेल ते माहितीपत्रकात सहसा छापलेलं नसतं.

बोटाला किती जागा

स्लायडरची लांबी ही चैन वाटते, पण ती नाही. डीबीएक्स २३१ घ्या: दोन चॅनेल, प्रत्येकी ३१ बँड, रॅकमध्ये दोन युनिट उंची, स्लायडरची चाल २० मिलिमीटर, आणि पल्ला ±६ किंवा ±१२ बटणाने बदलता येतो. ±१२ ठेवला तर २० मिलिमीटरमध्ये २४ डीबी कोंबलेले, म्हणजे एका मिलिमीटरला १.२ डीबी. अंधाऱ्या विंगेत, घामेजल्या बोटाने, एक मिलिमीटर. त्याच कंपनीचा १२३१ तीन युनिटचा, चाल ४५ मिलिमीटर, पल्ला ±६ किंवा ±१५. ±१५ वर मिलिमीटरला ०.६७ डीबी. आता गंमत बघा: २३१ चं बटण ±६ वर दाबलं की मिलिमीटरला ०.६ डीबी होतात. म्हणजे छोटं यंत्र ±६ वर आणि मोठं ±१५ वर बोटाला जवळजवळ सारखीच. छोट्याचं बटण कायम ±६ वर ठेवा. ६ पेक्षा जास्त ओढावं लागत असेल तर आधी माईक आणि स्पीकर हलवा.

बेरिंजरच्या एफबीक्यू ३१०२ मध्ये स्लायडरमधले दिवे पेटतात. ज्या बँडमध्ये ऊर्जा जास्त, तो दिवा जास्त उजळ. शिकणाऱ्याला हे फार आवडतं आणि शिट्टी वाजत असताना खरंच उपयोगी पडतं. पण दिव्याला शिट्टी आणि सूर यांतला फरक कळत नाही. पेटीने पांढरी पाच धरून ठेवली की ४०० चा दिवा तितक्याच उत्साहाने पेटतो. दिव्यावर विश्वास ठेवून पेटीच कापून टाकलेले साउंडवाले मी पाहिलेत.

मोठ्या नाट्यगृहाच्या किंवा जुन्या टूरिंग रॅकमध्ये क्लार्क टेक्निकचा डीएन ३६० दिसला तर मोजून बघा. स्लायडर तीसच भरतील, सुरुवात २५ पासून. वीस हर्ट्झचा स्लायडर नसल्याने तुमच्या गणपतीचं काहीही अडणार नाही.

मागची बाजू, आणि जुना माल

समोरून सगळे देखणे असतात, यंत्र उलटं करून बघा. एक्सएलआर किंवा तीन कड्यांचा जॅक हवा, बॅलन्स्ड, म्हणजे वायरीत शिरलेली भुणभुण रद्द करणारा. फक्त आरसीए असेल तर ते घरच्या म्युझिक सिस्टिमचं आहे. मंडपात मिक्सरपासून अॅम्पपर्यंत पंचवीस-तीस मीटर वायर जाते, शेजारून लाइटवाल्याची डिमरची केबल, आणि अनबॅलन्स्ड वायर ती सगळी भुणभुण गोळा करून स्पीकरला देते.

लॅमिंग्टन रोडवर किंवा एखाद्या मित्राकडून जुना घेत असाल तर हेडफोन सोबत न्या. सिग्नल चालू ठेवून बायपास (इक्वलायझर वगळून सिग्नल सरळ सोडणारं बटण) दाबा: ठप्प असा मोठा आवाज यायला नको आणि लेव्हल उडायला नको. मग एकेक स्लायडर, सगळेच्या सगळे, वर-खाली फिरवा. दोन चॅनेलचे बासष्ट होतात, कंटाळा येतो, तरी करा. खाडीकाठची दमट खारी हवा आणि मंडपातली धूळ एकत्र आली की स्लायडर खरखरतात, आणि ती खरखर पुढे अॅम्पमधून कितीतरी पटीने ऐकू येते. एक-दोन खरखरत असतील तर फेडरसाठी मिळणाऱ्या क्लीनरने सुटतात. घरातलं गंज काढायचं तेल मारू नका, ते धुळीला चिकटवून ठेवतं. मधोमध शून्यावर जी बारीक ‘टक’ लागते तीही प्रत्येकाला आहे का बघा. अंधारात तीच आपली खूण.

डिजिटल मिक्सर असेल तर थांबा

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. तुमच्याकडे किंवा ज्याच्याकडून भाड्याने घेता त्याच्याकडे डिजिटल मिक्सर असेल, तर ग्राफिक बहुधा त्यातच आहे. अॅलन अँड हीथच्या ‘Qu’ मालिकेतल्या मिक्सरमध्ये प्रत्येक मिक्सला ग्राफिक दिलेला आहे. बेरिंजर एक्स ३२ मध्ये ग्राफिक इफेक्टच्या जागेत लावावा लागतो, म्हणजे आठ जागांपैकी एक खर्च होते. पण त्याच्या प्रत्येक बसवर (बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मिक्सवर) सहा बँडचा पॅरामेट्रिक इक्वलायझर असतोच. पॅरामेट्रिक शिकलात तर काळी एकसारख्या अधांतरी सुराचा प्रश्नच उरत नाही, फ्रिक्वेन्सी हवी तिथे नेता येते, रुंदी हवी तेवढी ठेवता येते.

मग वेगळं यंत्र कोणी घ्यावं? ज्याचा मिक्सर अॅनालॉग आहे त्याने, आणि ज्याला हातात स्लायडर असल्याशिवाय कान तयार करता येत नाही त्याने. मी दुसऱ्या जातीतला.

ग्राफिकचा एक चॅनेल डावा, एक उजवा, असं आंधळेपणाने लावू नका. सोसायटीच्या मंडपात स्टीरिओ ऐकायला मधोमध कोण बसतो? मेन मोनो करून चॅनेल एक त्याला द्या आणि चॅनेल दोन मॉनिटरला. मिक्सरच्या प्री-फेडर ऑक्समधून (फेडर हलवला तरी न बदलणाऱ्या वेगळ्या आउटमधून) काढून ग्राफिकमध्ये, तिथून मॉनिटरच्या अॅम्पला. शिट्टी बहुतेक वेळा मॉनिटरमधून येते आणि आपण मेनचे स्लायडर ओढत बसतो.

जागेवर

प्रेक्षक यायच्या आधी करायचं काम आहे. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं भावे नाट्यगृह असेल तर तिथल्या माणसाला आधी भेटा, ‘दादा, सिस्टिम कशी सेट आहे’ विचारा, आणि त्याच्या प्रोसेसरला हात लावू नका. तुमचा ग्राफिक तुमच्या मिक्सरपुरता.

सगळे स्लायडर शून्यावर. माईक स्टँडवर, जिथे गायक बसणार तिथेच, त्याच उंचीवर. चॅनेलवर लो कट (खालचा जाड आवाज कापणारं बटण) चालू, गाण्याच्या माईकला ८०-१०० हर्ट्झवर. गेन (माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरताना वाढवणारा नॉब) लावताना गायकालाच गायला सांगा. ‘हॅलो हॅलो चेक’ आणि वरचा षड्ज यांच्यात फार अंतर असतं.

आता मेन किंवा मॉनिटर, एका वेळी एकच, हळूहळू वर न्या. शिट्टीपर्यंत जायचं नाही. माईकजवळ ‘हं’ म्हटलं आणि शेपूट रेंगाळलं, कण्हल्यासारखं झालं, तिथे थांबा. पट्टी ओळखा, अक्षर ओळखा, तो स्लायडर ३ डीबी खाली. पुन्हा लेव्हल वर, पुढचं कण्हणं. तेच परत आलं तर आणखी ३. चार-पाच झाले की थांबा. दोन-तीन वेगवेगळे सूर एकदम ओरडायला लागले, म्हणजे त्या जागेची आणि त्या माईकची मर्यादा आली. आता मास्टर ४-५ डीबी खाली घ्या. कार्यक्रम त्या लेव्हलवर चालवायचा.

मग बायपास दाबून ऐका. दोन्हीकडे आवाज सारख्याच मोठेपणाचा करून मगच तुलना करा, कारण मोठा वाजतो तो कानाला नेहमीच चांगला वाटतो. बायपासमध्ये गायक जास्त माणसासारखा ऐकू आला तर तुम्ही जास्त कापलंय, निम्मं परत द्या. आणि हॉल भरला की पुन्हा एकदा. माणसं वरच्या फ्रिक्वेन्सी शोषून घेतात, रिकाम्या हॉलमध्ये टोचणारा ४ किलोहर्ट्झ भरल्या हॉलमध्ये नसतोच कधीकधी.

दहाच्या आधी

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी ए आहे, दिवस सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५ डीबी ए, यातलं जे कमी ते. यातला ‘ए’ ग्राफिकवाल्याने समजून घ्यावा. ए वजनात मीटर ६३ हर्ट्झला सुमारे २६ डीबी कमी मोजतो, १०० ला १९. मीटर बरा आकडा दाखवतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या कपाटाच्या काचा थरथरत असतात. तक्रार आजी करतात, मीटर नाही. ज्या कार्यक्रमात नुसतं बोलणं आणि भजन आहे तिथे मी ६३ च्या खालचं सगळं बंद ठेवतो. कोणालाही काही कमी वाटत नाही, अॅम्प थंड राहतो.

कार्यक्रम संपला की ग्राफिकचा फोटो काढा, जागेचं नाव घालून ठेवा. नेरूळच्या त्याच हॉलमध्ये पुढच्या वर्षी गेलात तर सुरुवात तिथून करता येते, शून्यातून नाही. स्लायडरवर कागद आणि त्यावर चिकटपट्टी लावूनच रॅक टेंपोत चढवा. झाकण मिळत असेल तर अॅक्रिलिकचं बसवा. घोडबंदरच्या पावसाळी खड्ड्यांतून गायमुखपर्यंत जाऊन आलेला इक्वलायझर उघडला, की स्लायडर स्वतःहून हसरं तोंड करून बसलेले असतात.